हात थरथरतो, की फळी ऐकत नाही?

निवृत्तीच्या निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ ठरलेलेच. अलीकडे त्यात कधीकधी मुलांनी हौसेने आणलेले एक लांबट खोकेही असते. खोक्यावर तीन डोलकाठ्यांचे, शिडे फुगलेले जहाज. आत मात्र पातळ लाकडी पट्ट्यांची जुडी, प्लायमधून कापलेल्या फासळ्या, दोऱ्याची रिळे, बारीक पितळी खिळ्यांची पुडी आणि घडी घातलेला भला मोठा नकाशा. पहिला आठवडा छान जातो. कणा उभा राहतो, त्यावर फासळ्या बसतात, घरचे फोटो काढतात. मग पट्ट्या चिकटवायची वेळ येते. नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या वळणावर तिसरी पट्टी कडकन मोडते. चौथी कशीबशी बसते, पण सकाळी बघावे तर तिच्या आणि शेजारच्या पट्टीमध्ये फट पडलेली. बोटांना गोंद, चष्म्याला गोंद. महिन्याभरात खोके माळ्यावर जाते आणि घरात एक वाक्य उरते, ‘आता हातात पूर्वीसारखं राहिलं नाही.’

हे वाक्य जपून उच्चारायला हवे. ते एकदा मनात बसले की सुईत दोरा ओवणे, सैल झालेला स्क्रू आवळणे, नारळ खवणे अशी कामेही हळूहळू दुसऱ्याच्या हाती जातात. बोटे वापरली नाहीत की त्यांची पकड खरोखरच कमी होते, आणि मग ते वाक्य खरे ठरते. पहिल्या जहाजात होणाऱ्या बहुतेक चुकांचा मात्र वयाशी संबंध नसतो. त्या पंचविशीतल्या इंजिनीअरच्या हातूनही तशाच होतात. त्यांचे कारण लाकडात असते, गोंदात असते, टेबलावरच्या दिव्यात असते. काही थोड्या वेळा ते हातात असते, आणि तेव्हा ते नीट ओळखता यायला हवे.

सुरुवातीची चूक तर खोके निवडतानाच झालेली असते. भेट देणाऱ्याला दुकानात सर्वात देखणे जहाज आवडते आणि ते बहुधा ‘एचएमएस व्हिक्टरी’सारखे असते. १७६५ मध्ये पाण्यात उतरलेल्या या ब्रिटिश युद्धनौकेवर ट्रॅफल्गरच्या लढाईत १०४ तोफा होत्या आणि तिच्या दोरखंडांची एकूण लांबी सुमारे ४२ किलोमीटर सांगितली जाते. त्याची प्रतिकृती करायची म्हणजे शेकडो गाठी आणि तेवढ्याच कप्प्या. अनुभवी माणसालाही तिला काही वर्षे लागतात. मुंबईकराला ‘एचएमएस ट्रिंकोमाली’चा मोह पडणे स्वाभाविक आहे. १८१७ मध्ये जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली ही नौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. पण तिची प्रतिकृती सागवानातच करू म्हणणे नवशिक्याला महागात पडते. सागाचा रेषा जाड, एक मिलिमीटरच्या पट्टीला तो मानवत नाही. शिवाय त्यात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे गोंद नीट धरत नाही. ज्या गुणामुळे साग समुद्रात टिकला, तोच गुण टेबलावर आडवा येतो.

पहिल्या खेपेला एक डोलकाठीची किंवा बिनशिडाची साधी होडी, आणि लाकूड बासवुड किंवा लाइमवुडसारखे बारीक, एकसारख्या रेषांचे. बाल्सा फार मऊ. कापायला सोपे म्हणून मुलांना देतात, पण त्याची कड दाबली की चेपते.

पट्टी का मोडते?

लाकूड म्हणजे सेल्युलोजच्या लांब तंतूंची मोळी. हे तंतू एकमेकांना धरून ठेवण्याचे काम मुख्यतः लिग्निन नावाचा घटक करतो. थंड, कोरड्या लाकडात लिग्निन कडक असते. पट्टी वाकवली की बाहेरच्या बाजूचे तंतू ताणले जातात आणि आतल्या बाजूचे दाबले जातात. दाब लाकूड बऱ्यापैकी सोसते, ताण मात्र फारच थोडा. म्हणून तडा नेहमी बाहेरच्या बाजूने सुरू होतो. मोडलेली पट्टी हातात घेऊन पाहिली तर बाहेरच्या कुसळांवरून हे लगेच दिसते.

ओल्या लाकडातले लिग्निन साधारण ८० ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते. कोरड्या लाकडात त्यासाठी याहून बरीच जास्त उष्णता लागते. म्हणजे वाकवण्याचे खरे काम उष्णता करते, पाणी तिला मदत करते. नवशिके नेमके उलटे धरून चालतात. पट्ट्या रात्रभर बादलीत भिजवून ठेवतात आणि सकाळी थंडच वाकवायला जातात. त्यापेक्षा एक मिलिमीटर जाडीची पट्टी उकळत्या पाण्यात काही मिनिटे ठेवून, चिमट्याने काढून, गरम असतानाच स्टीलच्या पेल्याभोवती हळूहळू वळवावी आणि दोरीने बांधून ठेवावी. लिग्निन गार होताना पुन्हा घट्ट होते आणि वळण बऱ्याच अंशी टिकते. थोडे उलगडते, म्हणून वळण हवे त्याहून जरा जास्तच द्यायचे. काही जण ओलसर पट्टीवर इस्त्री फिरवतात. तेही चालते, बोटे सांभाळली तर.

आता त्या सकाळच्या फटीकडे. लाकूड पाणी पिते तेव्हा लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत फुगते. पाच मिलिमीटर रुंदीची पट्टी भिजून समजा तीन टक्के फुगली, तर वाढ होते जेमतेम ०.१५ मिलिमीटर. डोळ्याला ती दिसतही नाही. पण जहाजाच्या एका बाजूला अशा १५ पट्ट्या ओल्याच चिकटवल्या, तर वाळल्यावर सगळ्या मिळून दोन मिलिमीटरपेक्षा जास्त आक्रसतात. एवढी जागा कुठून तरी निघणारच. ती फट होऊन निघते. यावर उपाय कंटाळवाणा असला तरी एकच आहे. वळवलेली पट्टी जागेवर टाचण्यांनी किंवा कपड्यांच्या चिमट्यांनी नुसती धरून ठेवायची, पूर्ण वाळू द्यायची, मग काढून गोंद लावायचा. मुंबईच्या जुलैतल्या हवेत त्याला एक रात्रही पुरत नाही.

तिसरी अडचण भूमितीची, आणि खरे तर सगळ्यांत जास्त जहाजे हिच्यामुळेच माळ्यावर जातात. पट्टी सपाट बाजूने वाकते, कडेच्या बाजूने वाकत नाही. का, ते साध्या गणिताने कळते. वाकण्याला होणारा विरोध वाकण्याच्या दिशेतल्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. पाच मिलिमीटर रुंद आणि एक मिलिमीटर जाड पट्टी कडेवर वाकवायची तर सपाट वाकवण्यापेक्षा पंचवीसपट जोर लागतो. नाळेजवळ पट्टी वर पळू पाहते, नवशिका तिला बोटाने खाली दाबतो, आणि ती मोडते किंवा पीळ खाऊन वर उचलली जाते. इथे कुणाच्याही हाताचे काही चालत नाही.

म्हणून जहाजबांधणीत पट्टीला वाकवण्याआधी निमुळती करतात. मधल्या फासळीचा घेर ७५ मिलिमीटर असेल तर तिथे पाच मिलिमीटरच्या १५ पट्ट्या बसतात. नाळेपाशी घेर ४५ मिलिमीटरच असेल तर त्याच १५ पट्ट्यांना तिथे प्रत्येकी तीनच मिलिमीटर जागा आहे. तेव्हा प्रत्येक पट्टी त्या टोकाला पाचावरून तीनवर आणायची. कागदाची पट्टी फासळीभोवती गुंडाळून घेर मोजायचा, पट्ट्यांच्या संख्येने भागायचे, पेन्सिलीने खूण करायची आणि पोलादी पट्टी धरून कटरने तासायचे. जागा पट्टीच्या निम्म्या रुंदीहून कमी उरत असेल तर तासत न बसता दोन पट्ट्यांच्या जागी पुढे एकच न्यायची. शाळेतला भागाकार एवढाच लागतो. किटमधल्या सूचनापत्रात यावर अनेकदा एक ओळ असते, कधी तीही नसते. ज्याला हे माहीत नाही तो पट्टीशी झटतो आणि शेवटी स्वतःच्या वयाला दोष देतो.

आणखी एक गोष्ट. एका बाजूच्या सगळ्या पट्ट्या आधी लावून टाकल्या तर गोंद वाळताना कणा त्या बाजूला ओढला जातो आणि जहाज केळ्यासारखे वाकडे होते. डावीकडे एक, मग उजवीकडे एक, असेच जायचे.

थरथर कोणती, केव्हा?

आता हाताकडे. हात प्रत्येकाचा थरथरतो. निरोगी माणसाचा पसरलेला हात सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा अतिशय सूक्ष्म हलतो. एरवी ते जाणवत नाही. चिमट्यात दीड मिलिमीटरची कप्पी धरली की जाणवते. जागरण, मनावरचा ताण, लागोपाठ दोन कप कडक चहा, दम्याचे काही पंप, वाढलेले थायरॉइड यांनी ही थरथर वाढते. उपाशीपोटी बसले तरी वाढते. ती कमी करण्याची युक्ती घड्याळजी आणि सोनार पूर्वापार वापरत आले आहेत: कोपर आणि मनगट टेकवून काम करायचे. हवेत लोंबकळणाऱ्या हातात खांद्यापासूनची सगळी हालचाल बोटांपर्यंत पोहोचते. मनगट टेकले की उरते फक्त बोटांची. टेबल छातीच्या खालच्या भागाइतके उंच असेल, निदान कामाखाली एक जाड फळी ठेवून उंची वाढवली असेल, तर मानही खाली झुकत नाही. दोन तास मान वाकवून बसल्यावर दुसऱ्या दिवशी मुंग्या येतात त्या अनेकदा मानेतूनच आलेल्या असतात.

काही खुणा मात्र जहाजावर ढकलून चालणार नाही. काम करताना हात ठीक चालतो, पण टीव्ही बघताना मांडीवर स्वस्थ ठेवलेला एकच हात थरथरतो. अक्षर दिवसेंदिवस बारीक होत चालले आहे. शर्टाची बटणे लावायला पूर्वीपेक्षा बराच वेळ लागतो. अशा वेळी मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावे, कारण पार्किन्सन्सची सुरुवात अशी असू शकते. कप उचलताना किंवा चिमटा लक्ष्याजवळ नेताना थरथर वाढत असेल आणि घरात आई-वडिलांपैकी कुणाला तशीच असेल, तर तो बहुधा वेगळा आणि तुलनेने सौम्य प्रकार असतो. त्यावरही औषधे आहेत. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री बधिर होऊन जाग येत असेल तर मनगटात नस दबली असण्याची शक्यता असते. अंगठ्याच्या मुळाशी चिमटा दाबताना कळ येत असेल तर ती सांध्याची झीज असू शकते. हातातली शक्ती अचानक गेली, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, तडक रुग्णालय गाठायचे.

हाताइतकाच दोष डोळ्यांचा असतो, पण त्याचा संशय कुणाला येत नाही. चाळिशीनंतर डोळ्यातले भिंग ताठर होत जाते, हे सर्वांना ठाऊक असते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, हे फारसे ठाऊक नसते. बाहुली लहान झालेली असते आणि भिंग पिवळट. छताच्या ट्यूबलाइटखाली नातवाला स्पष्ट दिसणारी पेन्सिलीची खूण आजोबांना दिसत नाही ती यामुळे. कामाच्या हाताच्या विरुद्ध बाजूने, सावली पडणार नाही असा, वळवता येणारा टेबलदिवा घेतला की ‘हाताचे’ निम्मे दुखणे नाहीसे होते. दुसरे म्हणजे चष्मा. वाचनाचा चष्मा सहसा ३५-४० सेंटिमीटर अंतरासाठी दिलेला असतो. प्रतिकृतीचे काम २५-३० सेंटिमीटरवर चालते. चष्म्याचा नंबर काढताना हे अंतर पट्टीने मोजून सांगितले तर वेगळा चष्मा मिळू शकतो. कपाळावर बांधायचे भिंग उपयोगी असते, पण त्यातून सलग बघत राहिले की पापणी लवायची राहून जाते आणि डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर लांबवर बघणे हा त्यावरचा बिनखर्चाचा इलाज.

धूळ, गोंद आणि पाते

छंद घरातला असला तरी त्यात तीन धोके खरे आहेत. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकली. तो निष्कर्ष वर्षानुवर्षे कारखान्यात, विशेषतः कठीण लाकडाच्या धुळीत काम करणाऱ्यांमधील नाकाच्या कर्करोगावरून काढलेला आहे. आठवड्यातून चार तास काचपेपर घासणाऱ्याचा धोका तेवढा नाही. पण दमा, ॲलर्जी असलेल्यांना ही धूळ लगेच बाधते आणि सागवान, शिसवीच्या भुकटीने काहींच्या त्वचेवर पुरळ उठते. घासताना एन-९५ मास्क लावावा आणि खाली पडलेली भुकटी झाडूने उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपावी. बेडरूममध्ये घासकाम नको.

दुसरा धोका झटपट चिकटणाऱ्या, सायनोॲक्रिलेट जातीच्या गोंदाचा. हवेतल्या आणि त्वचेवरच्या ओलाव्याच्या स्पर्शाने तो काही सेकंदांत घट्ट होतो, त्यामुळे बोटे एकमेकांना चिकटतात. ती ओढायची नाहीत. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून हळूच सोडवायची. सांडलेला गोंद कापसाने किंवा सुती चिंधीने पुसायला जाऊ नये. कापसाशी त्याची प्रक्रिया इतकी जलद होते की भाजण्याइतकी उष्णता निघते. सर्वात वाईट अपघात म्हणजे याची छोटी बाटली डोळ्यांत घालायच्या औषधाची समजून वापरणे. जगभरच्या नेत्रतज्ज्ञांनी अशा रुग्णांची नोंद केली आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या घरात डोळ्यांचे थेंब सुरू आहेत तिथे हा गोंद त्या कपाटात, त्या ट्रेमध्ये कधीही नसावा. तसे घडलेच तर पापण्या ओढून उघडू नयेत, भरपूर कोमट पाण्याने धुऊन लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जावे. ॲसिटोन डोळ्याजवळ नेऊ नये. नवशिक्याने सुताराचा साधा पांढरा गोंदच वापरावा. तो सावकाश वाळतो, म्हणून चूक सुधारायला वेळ मिळतो.

तिसरा धोका पात्याचा. बोथट पाते जास्त घातक असते, कारण त्यावर जोर द्यावा लागतो आणि ते निसटते. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या सुरू असतील तर लहानशी चीरही बराच वेळ वाहते. मधुमेहात बोटांची संवेदना कमी झाली असेल तर चीर गेलेली कळतही नाही. अशांनी कापताना दुसऱ्या हातात जाड हातमोजा घालावा आणि काम संपल्यावर बोटे एकदा उजेडात बघावीत.

एवढे सोसून हे करायचे कशासाठी? ‘छंदाने स्मृतिभ्रंश टळतो’ असे सर्रास सांगितले जाते. तसे सिद्ध झालेले नाही. छंद असलेल्या वृद्धांमध्ये स्मृतिभ्रंश कमी आढळतो, असे दिसते खरे; पण विसरभोळेपणा सुरू झाला की माणूस आधी छंदच सोडतो, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे त्यातून सांगता येत नाही. हाताला काम दिल्याने आजारी माणूस सावरतो, हा अनुभव मात्र जुना आहे आणि त्यावर एक आख्खी वैद्यकीय शाखा उभी आहे. जन्माने अमेरिकन आणि लग्नाने महाराष्ट्राच्या झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. पक्षाघातानंतर किंवा मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर आजही व्यवसायोपचारतज्ज्ञ रुग्णाला मणी ओवायला, चिमटे लावायला, खिळे खोबणीत बसवायला देतात. जहाजाच्या पट्टीवर कपड्यांचे चिमटे लावणे ही तीच हालचाल आहे. नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडमधल्या नॉर्मन क्रॉससारख्या छावण्यांत वर्षानुवर्षे अडकलेले फ्रेंच कैदी शिध्यातल्या मांसाची हाडे जमवून त्यांतून जहाजे घडवत आणि आठवडी बाजारात विकत. त्यातली कित्येक आज संग्रहालयांत आहेत.

नवे हस्तकौशल्य मेंदूत रुजायला मध्ये झोप लागते. सलग पाच तास बसण्यापेक्षा रोज पाऊण तास आणि मग विश्रांती, यात हात लवकर तयार होतो. रोज दोन पट्ट्या पुरेत, एक डावी आणि एक उजवी. नाहीतरी गोंद वाळायला तेवढा वेळ लागतोच.

माळ्यावर गेलेले ते खोकेही बहुतेक वेळा वाया गेलेले नसते. साधा पांढरा गोंद वापरला असेल तर तो वाळल्यावरही पाण्याने मऊ पडतो. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाची वात वाकड्या पट्टीच्या सांध्यावर अर्धा तास ठेवायची, खालून बोथट सुरीचे टोक हळूच सरकवायचे. पट्टी उचलली जाते. मग फासळ्या वाळू द्यायच्या, जुना गोंद खरवडून काढायचा आणि कागदाची पट्टी घेऊन मधल्या फासळीचा घेर मोजायला बसायचे.